युद्धावरचा दादरा

१४ जून २०६६

पुन्हा सरकले! परवापर्यंत युद्ध २०६३च्या होळीला संपत होते. आज हडपसरच्या मंडईत सोजरबाई मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "त्या साली युद्ध चालूच होतं, गणपती अंधारात बसवले, आठवतंय ना मॅडम?" मला आठवते ते अगदी निराळे. त्या वर्षी मंडपांवर रोषणाई होती, मी स्वतः पाहिली. पण केंद्रात, माणसांना मागच्या काळात नेणाऱ्या यंत्राजवळ काम करणारे आम्ही दोघे सोडले, तर जुने कोणालाच आठवत नाही.

दुसरे म्हणजे दत्तोबा. यंत्र तेच चालवतात. विचारले, तर म्हणाले की काल कोणीतरी युद्धाच्या काळात जाऊन आपले मेलेले माणूस जिवंत घेऊन आले. युद्ध तेवढे फुगले.

शेवट आपल्या दिशेने येतो आहे. घरी आल्यावर आधी दाराची कडी लावली. कशाला, ते सांगता येणार नाही.

१६ जून

वरून आदेश आला. युद्धाचा काळ कायमचा बंद करायचा. नवे परवाने थांबले आहेत. जे आधीच आत गेले आहेत, त्यांच्या नातेवाइकांना हे समजावून सांगण्याचे काम माझे.

सभागृह भरले होते. मी लोणच्याची बरणी घेऊन गेले. चौतीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, पण इतके चपखल उदाहरण मला पूर्वी सुचले नव्हते! बरणीत ओला हात घातला की फोड एकच निघते, बुरशी मात्र साऱ्या बरणीला धरते. आपण एकेक माणूस काढत गेलो आणि युद्ध पसरत गेले. म्हणून आता तोंडावर दादरा बांधायचा. कापड कुठवर ताणायचे, तो आकडा आपण घालायचा नाही. युद्धाचा शेवट त्या क्षणी जिथे असेल, तो यंत्र स्वतः शोधते आणि तिथे गाठ मारते. ती गाठ पुन्हा सुटत नाही. त्यानंतर आत कोणी जाणार नाही, आतून कोणी येणार नाही.

नसीमबानू मागे बसल्या होत्या. माझ्या समोरच्याच घरात राहतात. त्यांचे यजमान शमशुद्दीनभाई शिंपी होते, युद्धात मांजरी गावच्या पुलाजवळ मारले गेले. मुलगा रियाज शेवटच्या परवान्यावर त्यांना आणायला आत गेला आहे.

त्यांनी हात वर केला. "आतल्या माणसांना कळतं का हो ताई, की तोंड बांधलंय?"

मी सांगितले, "नाही. ते आपले दिवस जगत राहतात. त्यांना काही कळत नाही."

सगळ्यांना बरे वाटले. मलाही.

१७ जून

सकाळी नसीमबानू आल्या. रडल्या नाहीत. चहाही घेतला नाही. म्हणाल्या, "तुम्ही काल सांगितलंत ते सगळं समजलं. एकच विचारते. माझा पोरगा म्हणजे ओला हात का?"

 

मी कोरा कागद काढला. आमचे केंद्र महसूल खात्याच्या अखत्यारीत निघाले, त्यामुळे तिथे काहीही बंद करायचे तर जमिनीच्या फेरफाराचा नियम लागतो: आधी नोटीस, मग हरकत, मग सुनावणी. हरकत आली की काम थांबते. हडपसरात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथल्या निम्म्या जमिनी हरकतींवरच टिकल्या. पण युद्धावर हरकत घ्यावी, हे कोणाच्या डोक्यात आले नव्हते. मी नसीमबानूंना टेबलाशी बसवले आणि एकेक वाक्य समजावून सांगत अर्ज लिहून घेतला. तेवढ्यात रियाज बाहेर येईल, असा माझा हिशेब.

शेवट अजून बराच लांब आहे. आहे ना?

२४ जून

स्थगिती मिळाली. दत्तोबांनी कागद वाचला आणि घडी घालून मला परत दिला. "युद्धाला नोटीस बजावली का बाई? त्याचीही काही हरकत असेल." अर्ज कोणी लिहवून घेतला, हे त्यांनी विचारले नाही. त्यांना ठाऊक आहे.

आत गेलेले लोक घाईने परतू लागले आहेत. प्रत्येकाबरोबर एक माणूस. फाटकाशी हार, पेढे, रडारड. मी प्रत्येकाच्या आनंदात सामील होते आणि रात्री डोक्यावरून पांघरूण ओढून घेते.

२ जुलै

सोजरबाईच्या आठवणीत आता गेल्या वर्षीची दिवाळीसुद्धा अंधारी आहे.

४ जुलै

झोप नाही. नसीमबानूंना म्हणावे का, की हरकत मागे घ्या? दारापर्यंत गेले. आत त्या रियाजच्या शर्टांना इस्त्री करीत होत्या. परत आले.

७ जुलै

आला! रियाज आला, आणि शमशुद्दीनभाईही! गळ्यात मोजायची फीत तशीच. मला पाहून म्हणाले, "वासंतीताई, तुमचं ब्लाउज राहिलंय माझ्याकडे. तेवढं देऊन मग जायला हवं होतं." सगळे हसले. नसीमबानू हसता हसता त्यांच्या गळ्यातली फीत सरळ करीत राहिल्या. संध्याकाळी शीरखुर्मा आला. दोन वाट्या खाल्ल्या.

आत आता कोणी उरले नाही. हरकत मागे घेतली आहे. उद्या सकाळी दादरा.

शेवट आज किती सरकला, ते दत्तोबांना विचारायला हवे होते. विचारले नाही. एक संध्याकाळ तरी घाबरायचे नाही, असे ठरवले.

८ जुलै

सकाळी गाठ बसली. दत्तोबांनी पडद्यावरची तारीख वाचली आणि ते पाणी प्यायला उठून गेले. युद्धाचा शेवट आजच्या तारखेच्या पलीकडे आहे. किती पलीकडे, ते त्यांनी सांगितले नाही.

घरी आले, तेव्हा जिन्यात अंधार होता. शमशुद्दीनभाई खिडक्यांना काळा कागद चिकटवत होते, रोजचेच काम असल्यासारखे. म्हणाले, "ताई, भोंगा झाला, आत या."

आम्हीही आता दादऱ्याच्या आत; आम्हांला न्यायला कोणीही येऊ शकणार नाही.

सभागृहात मी नसीमबानूंना चुकीचे सांगितले. आतल्या माणसांना कळते.