आर्य आमच्या तालुक्यातून गेले

१ जानेवारी २०२५
नवीन वर्ष. संकल्प तीन. एक, पहाटे पाचला उठणे. दोन, तंबाखू बंद. तीन, आर्य कुठून आले हा प्रश्न यावर्षीच्या यात्रेपर्यंत निकालात काढणे. जगभरचे विद्वान दोनशे वर्षं यावर डोकी फोडून घेताहेत. त्यांच्यात विट्याकडचा एकही नाही, सगळी गोची तिथेच आहे.

२ जानेवारी
आठला उठलो. थंडी फार. तंबाखू एकदाच घेतली, विचाराला चालना म्हणून.

५ जानेवारी
स्टँडजवळच्या हॉटेलात आप्पासो भेटला. रिटायर्ड सुभेदार, शाळेपासूनचा मित्र, फक्त वाचन चुकीचं. त्याचं म्हणणं, आर्य रशियाकडच्या गवताळ माळावरून घोडे घेऊन आले, डीएनएत तसं निघालंय. मी म्हटलं, राखीगढीच्या हडप्पाकालीन सांगाड्यात तुझ्या माळावरचं रक्त औषधालासुद्धा सापडलं नाही. तर म्हणतो, "व्हय, मग? तवर आलं नव्हतं गड्या, मागनं आलं." फौजी माणूस. वाद कसा घालायचा हेच माहीत नाही. भजी मात्र त्याने मागवली. म्हणजे आतून पटलेलं आहे.

९ जानेवारी, दुपारी
सापडलं. अंगाला साबण होता तेव्हाच सापडलं.
आपल्या भागातला माणूस सोनं गाळायच्या धंद्यात बाहेर पडला. आपल्या माणसाचं गलाईचं दुकान नाही असं शहर देशात दाखवा. मी स्वतः अर्धं आयुष्य कोईमतूरला भट्टी चालवली, आता तिथे माझा मुलगा शिवतेज आहे. हे सगळं घडलं कसं? एकजण गेला. त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याने त्याच्या मेहुण्याला. दोन-चार पिढ्यांत गुवाहाटीपासून त्रिचूरपर्यंत आपलीच माणसं. हाच वेग धरला तर चार हजार वर्षांत व्होल्गा नदी म्हणजे हाकेच्या अंतरावर. घोडा लागतच नाही. मेहुणा लागतो.
नाव दिलं: मेहुणा सिद्धांत. आर्य बाहेरून आले नाहीत, इथून गेले. इथून म्हणजे साधारण आमच्या खानापूर तालुक्यातून.

१० जानेवारी
सौ.ला सिद्धांत समजावला. ती पीठ मळता मळता म्हणाली, "तुमास्नी तर माझ्या भावानं न्हेलं. तवा मेव्हणं तुमीच की." हा फक्त तपशील आहे. माझं जायचं आधीच ठरलं होतं. तिच्या भावाने तिकीट काढलं, राहायला जागा दिली आणि काम शिकवलं, एवढंच.

१९ जानेवारी
व्याख्यान ठरलं. यात्रा कमिटीचा धैर्यशील घरी येऊन सांगून गेला. चैत्र पौर्णिमेला, कुस्त्या संपल्यावर आणि ऑर्केस्ट्रा सुरू व्हायच्या आधी. ऐन गर्दीची वेळ. म्हणाला, "तात्या, ऑर्केस्ट्रावाल्यास्नी वायरी जोडाय अर्धा तास लागतुया, तेवढं वडा." पोराला विषयाची जाण आहे.
त्याच दिवशी सकाळी नातू शंभूराजचं जावळ. तीन वर्षांचा झाला, पण डोक्याला अजून कात्री लावलेली नाही. आमच्या घरातलं पहिलं जावळ गावच्या भैरोबाच्या दारातच उतरतं, मग माणूस कुठेही राहो. संध्याकाळी शिवतेज आणि शंभू दोघांना स्टेजवर बसवणार. जिवंत पुरावा. गेलेला माणूस काही सोडत नाही, देव सोडत नाही, रीत सोडत नाही. सिद्धांताचा गाभाच हा. बोकड सांगून ठेवला.

२ फेब्रुवारी
ग्रामसभेत बोललो. गावाबाहेर गुऱ्हाळावर बिहारची माणसं आणलीत, बायका-पोरांसकट. बाहेरच्यांना असं थारा देत गेलं तर उद्या तेच इथले मूळचे म्हणवून घेतील, असं ठणकावून सांगितलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन प्रकरण दोन लिहिलं: ‘आपल्या माणसांनी परमुलखात पाय कसे रोवले’. लेखणी झरझर चालली.

९ फेब्रुवारी
शिवतेजचा फोन. शंभूला ताप आहे, उतरत नाही, असं काहीतरी सांगत होता. म्हटलं, पोरांना ताप येतोच, आधी ऐक. मग लिथुआनियाची भाषा संस्कृतला एवढी जवळची का, ते मेहुणा सिद्धांताने उलगडून दाखवलं. पलीकडून एक शब्द नाही. इतका एकाग्र श्रोता क्वचित मिळतो. नंतर बघितलं तर फोन कधीच कट झालेला. कोईमतूरचं नेटवर्क अगदीच बेकार.

१३ फेब्रुवारी
सौ. सारखी फोनवर. आमटीत मीठ नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तुमचं चालू द्या." चालू दिलं. प्रकरण तीन पूर्ण.

१७ फेब्रुवारी
सौ.ने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, शंभू घरी आला. विचारलं, कुठे गेला होता? दवाखान्यात होता म्हणे. सलाईन, रक्ताच्या तपासण्या, सगळं झालं म्हणे. या घरात मला कुणी काही सांगत नाही.
प्रकरण तीन काढून पुन्हा वाचलं. मग प्रकरण चार घेतलं.

१ मार्च
आजचा विषय वंशशुद्धी. सोन्याचा कस बघण्यात हयात गेली, मला माणसाचाही कळतो. आपलं रक्त चोवीस कॅरेट, कुठे काही मिसळलेलं नाही, असं लिहिलं आणि सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दागिना करायचा म्हंजे तांबं घालावंच लागतंय. गिऱ्हाइकाला तुमीच सांगत हुता न्हवं?" घरच्यांना संशोधन वाचून दाखवू नये. नवा संकल्प.

९ मार्च
सूनबाई राजेश्वरीचा फोन. तिघं पळणीला जाऊन आलो म्हणाली. तिकडचं डोंगरावरचं मोठं देवस्थान. हौसेने फिरताहेत, फिरू देत. "मामंजी, शंभूचं एक सांगायचं हुतं," असं म्हणत होती. मी म्हटलं, यात्रेला आल्यावर निवांत सांग. सध्या माझ्या डोक्यात हडप्पा आहे.

३० मार्च, पाडवा
तंबाखूचा संकल्प आजपासून. जानेवारीतला इंग्रजी वर्षाचा होता, तो आपल्याला लागू नाही. सौ. सकाळपासून मागे लागली आहे, "आवं, कोईमतूरची काय यायची न्हाईत, जरा ऐकून घ्या." हिला सगळ्यात आधी वाईटच सुचतं.

११ एप्रिल
अख्ख्या भावकीला जेवणाचं सांगितलं. शिवतेज फोन उचलत नाही. गाडीत बसलेला असणार.

१२ एप्रिल, दुपारी
भैरोबाच्या दारात मांडव. न्हावी वस्तरा पाजळून बसलेला. जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात, म्हणून राजेश्वरीचा भाऊ कडेगावहून आला होता. नवा फेटा बांधून, मांडी घालून बसला. मांडी रिकामीच.
तेव्हा सौ.ने मला बाजूला घेऊन तिचा मोबाइल पुढे धरला. शंभूचं डोकं गुळगुळीत. त्यावर चंदनाचा पिवळा लेप. शेजारी राजेश्वरी हात जोडून उभी. फोटो पळणीचा, मार्चमधला. पोर दवाखान्यात होतं तेव्हा शेजारच्या तमिळ बाईने पळणीच्या देवाला केसांचा नवस बोलायला सांगितलं, राजेश्वरीने बोलला, पोर बरं झालं. सौ. म्हणाली, "पोराला पावला त्यो द्येव. मग क्यासबी त्येचंच." मला हे बऱ्याचदा सांगायला गेले म्हणे सगळे. मामालाही ठाऊक होतं. तात्यांना सांगणार कोण, म्हणून बिचारा फेटा बांधून आला.
लोकांना सांगितलं, गाडी लेट आहे. मटण तयारच होतं. भावकी जेवून गेली.

१३ एप्रिल
काल व्याख्यान झालं. सुरुवात चांगली झाली. मागे एकजण सारखा ‘हॅलो, चेक’ म्हणत होता, पुढे पोरं शिट्ट्या मारत होती, त्याअर्थी प्रतिसाद जोरदार. पण ‘गेलेला माणूस आपला देव सोडत नाही’ या वाक्यापाशी आवाज बसला. माइक खराब होता. ते वाक्य दुसऱ्यांदा म्हणायला गेलो आणि पुढचं काही आठवेना. मग ऑर्केस्ट्रा लागला.
मागून कुणीतरी विचारलं, "तात्या, शिवतेज न्हाई दिसला यात्रंत?" आप्पासो पहिल्या रांगेत होता. मी घोड्याच्या हाडांवर त्याच्या हरकतीची वाट बघत होतो, उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्याने एकही हरकत घेतली नाही. एकटाच टाळ्या वाजवत राहिला. ते मला जास्त लागलं.

१६ एप्रिल
सौ. कोईमतूरला गेली. आप्पासोने मिरजेपर्यंत नेऊन गाडीत बसवून दिलं. कधी येणार, असं निघताना विचारलं. म्हणाली, "पोराला डोळं भरून बघू तरी द्या. मग बघू."

१९ एप्रिल
भाकरी आप्पासोच्या घरून येते. आज मीच आर्यांचा विषय काढला. म्हटलं, घोड्याबद्दल तुझं थोडं मान्य करायला तयार आहे. तर म्हणाला, "आर्य गेलं खड्ड्यात. पोराकडं जा की रं." माणसाने पुराव्यावर बोलावं.

२८ एप्रिल
घरात बोलायला कुणी नाही. प्रकरण पाच सुरू केलं, दोन ओळींवर थांबलं. तंबाखूचं काही लिहीत नाही.
निर्णय घेतला. कोईमतूरला जायचं. हे स्थलांतर नव्हे. फील्डवर्क आहे. स्थलांतरितांच्या तिसऱ्या पिढीचं प्रत्यक्ष निरीक्षण. आप्पासोला तसं सांगितलं. त्याने लगेच माझी बॅग खाली काढली.

३ मे, कोईमतूर
शिवतेज स्टेशनवर आला होता. पाया पडला. तब्येत उतरली आहे त्याची. ऑटोत एवढंच म्हणाला, "तात्या, घरात आर्याचं काय काढू नगा." म्हटलं, छे, मी शंभूला बघायला आलोय. हे तोंडातून आपोआप गेलं आणि बोलल्यावर कळलं की खरंच आहे.
दारात राजेश्वरी, सौ., आणि शेजारची ती तमिळ बाई. शंभू सौ.च्या पदराआड. डोक्यावर बारीक केस आलेत, आमच्या घराण्यासारखेच उभे. मी हात पुढे केला. तो आणखी मागे सरला. आजवर एकदाही फोनवर त्याला मागून घेतलं नव्हतं, तर तो ओळखणार कसा.
मग त्याने सौ.चा पदर ओढून तमिळमध्ये विचारलं, हे बाहेरून आलेत का? आणि परत कधी जाणार?
सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकी वर्षं इथे काढलीत, तमिळ मला पुरतं कळतं. पण काहीच न कळल्यासारखं तोंड करून मी खाली वाकलो आणि बुटाची नाडी सोडत बसलो.