सोन्याचं की सोनीचं

१२ जाने. ७४, शनि. नागपूर
गावच्या शाळेच्या पुस्तिकेत ‘वावरांची नावं’ हे प्रकरण माझ्याकडे आलंय. चिचबन, बोरखडी लिहून झाली. आमचं ‘सोन्याचे वावर’: माती सोन्यासारखी, म्हणून. पाच मिनिटांचं काम.

१३ जाने., रवि.
सावनेरची बस, पुढे पायी. शेजारच्या गंगूबाईला यादी वाचून दाखवली. ऐंशीची म्हातारी, फिसकन हसली. “सोन्याचं नाही गा, सोनीचं. तुह्या आज्यानं बहिणीले आंदन देल्लं होतं. कागद नाही केला. नाव तेवढं राह्यलं. सोन्यासारखी माती म्हने! निस्ता मुरूम हाय तिथं.”

मुरूमच आहे. इतकी वर्षं मला कसं दिसलं नाही?

ते वावर थोरला भाऊ, दादा, वाहतो. त्याला विचारलं. “काहून उकरून राहिला गा जुनं?” म्हणाला आणि बैलांना पाणी दाखवायला उठला. बैल आत्ताच पाणी पिऊन आले होते.

१९ जाने., शनि.
दादा अचानक दारात. म्हणे, गांधीबागेत कापड घ्यायचं होतं. हातात कापड नाही. चहा घेतला, जाताना हळूच, “त्या पुस्तकात आपलं वावर नको टाकू.”

आता खात्रीच. बाबा-काकांचं वाटणीपत्र त्याच्या पेटीत असतं. यानेच खाडाखोड केली असणार. तिकडे सोनीची मुलगी, आमची चंद्राआत्या, काटोलला लोकांच्या बागेत निंदायला जाते. सख्खा भाऊ, पण संताप आला.

२७ जाने., रवि.
गावी जाऊन वाटणीपत्र मागितलंच. वाटलं, किल्ली हरवली म्हणेल. मुकाट्याने काढून दिलं. ‘सोन्याचे वावर.’ खाडाखोड कुठेच नाही.

“अक्षर कोनाचं हाय, पाह्य.”

माझं. सातवीतलं. अक्षर चांगलं म्हणून मला बसवलं होतं. बाबा सांगत गेले, मी लिहीत गेलो.

“म्हनून म्हटलं, नको टाकू,” दादा म्हणाला.

बाबा तेव्हा काय म्हणाले? ‘सोन्याचं’च म्हणाले? की ‘सोनीचं’ म्हणाले आणि मी, वर्गातला हुशार, ते शुद्ध करून लिहिलं? ते ‘चं’चं ‘चे’ तर मीच केलं, एवढं नक्की. बाकी काही आठवत नाही. की आठवायचं नाही?

२८ जाने., सोम.
छापखान्याचा निरोप, उद्या मजकूर हवा. त्या नावापुढची ओळ कोरी आहे. आधी काटोलला पत्र लिहायला बसलो. ‘ती. चंद्राआत्यास, सा. न.’ इथवर आलो. अक्षर अजून तसंच वळणदार येतं.