डोक्यावरची कनू

शनि. १ जून ९१
ह्यांनी पेपरवाल्या न्यूजएजंटच्या दुकानाच्या खिडकीत कार्ड लावलं. कनू विकणे आहे. आमची दोघांची वल्ह्यांची होडी. मला न विचारता! ह्यांच्या बायपासला सात महिने झाले. सर्जन म्हणतो चाला, वल्हवा, फक्त जड उचलू नका. आणि वरच्या तळ्याला जायचं तर मधली दीड मैल खडकाळ वाट कनू उचलूनच पार करावी लागते. म्हणजे आपलं सगळं संपलं, असं ह्यांचं गणित. तीन वर्षं त्या तळ्याचा जप चाललाय. दर वेळी पाऊस, नाहीतर दोघांपैकी कुणाला तरी हॉस्पिटलचा ऑन-कॉल. राग आलाय.

मंगळ. ४
पेझलीहून एकाचा फोन. १५ला कनू बघायला येतो म्हणाला. जेवताना सांगून टाकलं, येत्या रविवारी वरच्या तळ्याला जायचं. कनू मी उचलणार.
"तू? पासष्ट पौंड आहे ती."
"दोन घागरी डोक्यावर, कळशी कमरेवर घेऊन कृष्णेचा घाट चढलेय मी. तेव्हा तुम्ही पुण्यात डोसे खात होता."
हे हसले. किती दिवसांनी.

गुरु. ६
जुनं सुती पातळ फाडून चुंबळ वळली. हात विसरले नव्हते. मागच्या बागेत कनू उपडी डोक्यावर, मधली फळी चुंबळीवर, दोन चकरा मारल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला! हे दारात उभे राहून बघत होते.
इथे वाढलेल्या आमच्या अनूचा नॉटिंगहॅमहून फोन, तिच्या मराठीत. "आई, तू टोटली वेडा आहेस. अँड व्हॉट अबाउट बाबा?" म्हटलं, बाबांसाठीच चाललंय सगळं.

रवि. ९
पोचलो!!
कनूखाली फक्त स्वतःचे बूट दिसतात. हे वल्ही घेऊन पुढे. "डावीकडे दगड. आता चिखल. थांब." ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देतानाचा ह्यांचा तो ठाम आवाज. आजारपणानंतर आज पहिल्यांदा ऐकला.
मी चार वेळा टेकले. तिसऱ्यांदा गुडघ्यापर्यंत चिखलात. हे वल्ही टाकून धावले, "दे इकडे."
"हात लावाल तर खबरदार!"
हे तसेच उभे राहिले, हात पुढे करून. मग डोळे पुसले. म्हणाले, चिलट गेलं. माझ्याही गेलं होतं.
तळ्यावर हे पुढे बसून वल्हवत होते. अर्धा तास थांबले नाहीत. परतताना किती वेळा टेकले, लिहीत नाही.

मंगळ. ११
मान लाकूड झालीये. माझ्या वार्डमध्ये सगळ्यांना सांगितलं, उशी नीट नव्हती.
ह्यांनी बाम चोळता चोळता विचारलं, "एकदा झालं. दर वेळी माझ्यासाठी मान मोडून घेणार का?"
"मान माझी आहे."
कार्ड काढलं का, विचारलं नाही. माझ्या भरवशावर नको, त्यांना स्वतःला हवी असेल तरच कनू राहू दे. पण राहावी. फार वाटतंय.

शनि. १५
पेझलीवाला आलाय. भला माणूस दिसतो. बागेतलं बोलणं किचनच्या खिडकीतून ऐकू येतंय. त्याने विचारलं, "हू कॅरीज इट?"
"माय वाइफ. ऑन हर हेड." आणि हे मोठ्यांदा हसले.
हे आत्ता आत आले. कनूत राहिलेली चुंबळ माझ्या हातात दिली.
"ही आत ठेव. ही विकायची नाही."
आणि कनू? विचारायच्या आत पुन्हा बागेत गेले. चहा टाकलाय.