अक्का, त्या आकड्यात तूही आहेस

प्रिय अक्का,

काल तुझं वर्षश्राद्ध झालं. सगळं नीट पार पडलं, एवढंच म्हणून गप्प बसता आलं असतं. पण जेवायच्या वेळी तुझ्या घरात जे घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय चैन पडेना. आज हिमायतनगरला घरी परतले आणि लिहायलाच बसले.

काल सकाळी सिकंदराबादला तुझ्या घरी पोचले, तर दाजींनी भाज्या निवडून ठेवलेल्या. अंबाडीची चटणी मी केली. तुझ्यासारखी झाली नाही. मेथ्या तू नेमक्या कधी टाकायचीस गं? कधी विचारलंच नाही.

मग दादा आला. तू गेल्यानंतर त्यानं तुझ्या घराची पायरी चढली नव्हती. तुझा लाडका भाऊ! तुला नवल वाटेल. पण हे सगळं तुझ्यामागं घडलेलं आहे, तुला कुठून माहीत असणार?

त्या सकाळी तू आंघोळीला गेलीस ती बाहेर आलीच नाहीस. दाजींनी आणि शेजारच्या रझिया आपांनी दार तोडलं. जवळचे डॉक्टर आले, हृदय थांबलं म्हणाले. तसं लिहूनही देत होते. तेवढ्यात दाजी म्हणाले, "नको. पोस्टमॉर्टेम करा."

दादा भडकला. "आता तरी तिला सोडा की!" म्हणून ओरडला. दाजी जागचे हलले नाहीत.

अहवालात आलं, विषबाधा. कार्बन मोनॉक्साइड. बाथरूममधला गॅसचा गीझर, आणि कबुतरं घाण करतात म्हणून तू पुठ्ठा ठोकून बंद केलेला झरोका. तो पुठ्ठा काढू या असं दाजी म्हणाले, की तू म्हणायचीस, "मग कबुतरांची घाण तुम्ही काढा!" तुझ्यापुढं कुणाचं चाललंय कधी? आंघोळीनंतर डोकं धरून बसायचीस, आणि आम्ही सगळे म्हणायचो, पित्त झालंय. त्या वायूला ना वास, ना रंग. अक्का, तू तरी काय करणार होतीस?

पण लोकांनी अहवालातला पहिलाच शब्द उचलला. विषबाधा! फोनवर नातेवाईक हळूच विचारायचे, "औषध घेतलं म्हणे?" तुझ्यासारखी बाई, जिनं आदल्या संध्याकाळी लोणच्याला कैऱ्या आणायचं ठरवलं होतं! रझिया आपा तर एका पाहुण्याच्या अंगावरच गेल्या. "नक्को बोलो ऐसा! मैं थी वहाँ, मैं देखी." पण किती जणांची तोंडं धरणार? दादाच्या मनातही ते शिरलं. दाजींचं काही चुकलं असेल, तू सांगितलं नसशील, असं त्यानं धरून ठेवलं. तोंडानं बोलला नाही. येणं बंद केलं.

तर काल पानं वाढली, आणि दादानं फोनवर आलेली एक बातमी मोठ्यानं वाचली. शहरात विषबाधेचे मृत्यू वाढले, असा मथळा. खाली आलेख. वाचून म्हणाला, "बघा. घराघरांत हेच चाललंय. माणसं जिवाला कंटाळलीत, आणि घरच्यांना पत्ता नाही." बोलताना नजर दाजींवर.

दाजी खीर वाढत होते. त्यांचा हात तसाच थांबला.

मैथिली उठली. तुझी लेक ऑफिसात दिवसभर आकडेच चाळते, हे तुला ठाऊक आहे. तिनं मामाच्या हातातून फोन घेतला, बातमी खालपर्यंत वाचली आणि शांतपणे म्हणाली, "मामा, या आकड्यात आई पण आहे."

तिनं आलेखातल्या रेषेवर बोट ठेवलं.

"ही एकच बेरीज आहे मामा. कुणी स्वतःहून घेतलं, कुठं लहान पोरानं बाटलीतलं रॉकेल पाणी समजून प्यायलं, कुणाच्या बाथरूममध्ये गॅस साचला. सगळे एकाच रेषेत. कंटाळून किती गेले, ते यात कुठं लिहिलंय?"

"पण वाढलेत ना?" दादा म्हणाला.

"खरंच वाढले असतील. तसं असेल तर वाईटच आहे, मी नाही म्हणत नाही. पण आधी रक्त तपासायचेच नाहीत, तेव्हा आईसारखे कितीतरी हार्ट म्हणून गेले असतील. आता तपासायला लागले, तरी रेषा वर जाते. कशामुळं किती, हे या बातमीवरून मलाही सांगता येत नाही. तुम्हाला कसं कळलं?"

दादानं दाजींकडं पाहिलं. मग विचारलं, "म्हणजे तेव्हा दाजी गप्प बसले असते तर..."

"तर आकडा एकानं कमी झाला असता. आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाथरूममध्ये मी गेले असते." तिनं फोन मामाच्या हातात परत दिला. "बाबांना कसला गॅस ते माहीत नव्हतं. आईचं डोकं आंघोळीनंतरच दुखतं, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. म्हणून ते अडून बसले. लोक काय बोलतील, हे त्यांना कळत नव्हतं का मामा?"

अक्का, तुझा नवरा वर्षभर आमच्याशी यातलं एक अक्षर बोलला नव्हता! काय म्हणावं या माणसाला? कालही पातेलं खाली ठेवून एवढंच म्हणाले, "जेवा आधी. गार होतंय."

दादानं आपलं पान जरा सरकवलं, शेजारी जागा केली. "दाजी, तुम्ही इथं बसा. सुमा वाढेल." दाजी बसले, मी वाढायला घेतलं. दोघंही फारसे जेवले नाहीत, पण शेजारी बसले होते.

हात धुताना दादा हळूच म्हणाला, "दाजी, आमच्याकडंही तसलाच गीझर आहे."

दाजींनी पान्हे घेतले. आम्ही सगळेच नारायणगुड्याला दादाच्या घरी गेलो. रेल्वेतून रिटायर झालेला तुझा फिटर नवरा स्टुलावर चढला, आणि दादा खाली दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा राहिला. गीझर खाली आला, झरोका मोकळा झाला. वहिनीनं चहा केला. दादा दाजींना सोडायला फाटकापर्यंत गेला आणि बराच वेळ परतलाच नाही. काय बोलले ते मी विचारलं नाही.

अक्का, माझं तुला एक वचन. तुझ्याबद्दल कुणी विचारलं, तर "अचानक गेली" म्हणून मी विषय बदलणार नाही. तू कशानं गेलीस, ते नीट सांगेन. आणि त्यांच्या बाथरूमचा झरोका उघडा आहे का, ते बघूनच तिथून उठेन.

तुझी,
सुमा