हललं म्हणायचं नाही

दि. ४ जानेवारी

चि. धाकटी हिस दादाचे अ. उ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. भूकंपाला महिना होत आला, तरी ठकी घास घेत नाही, तोंडावर हात धरून बसते, हे वाचून जिवाचं पाणी झालं. त्या दिवशी मी तिथेच होतो, काय काय पाहिलं पोरीने! निघताना बजावलं होतं, तिच्यासमोर 'हललं' हा शब्द काढायचा नाही. पाळताय ना? आठवण करून दिली नाही की पोरं विसरतात गं.

पण आता पुरे. तू एकटी, बेकरी बघशील की लेक? महिनाअखेर येतो आणि तिला घेऊन जातो. शाळेतही इथेच घालू. तिचे कपडे भरून ठेव, हट्ट करू नकोस.

तुझ्यावर रागावणारा, तरी तुझाच,
दादा

दि. ७ जानेवारी

ती. दादास धाकटीचा सा. न. वि. वि.

कपडे भरलेले नाहीत. भरणारही नाही.

तुझा हुकूम आम्ही तंतोतंत पाळला हो! शेजारीण तर 'खुर्ची हलते' म्हणायच्या ऐवजी 'खुर्ची नाचते' म्हणायला लागली. आणि इकडे ठकीचा पुढचा दात हलत होता. दुधाचा दात, दादा! शब्दच बंद, मग सांगणार कुणाला? काल पिठाच्या पोत्यावर बसवून विचारलं, तेव्हा रडत म्हणाली, आधी हलतं आणि मग सगळं पडतं, भिंत पडली तसं. पोर आपलं तोंड सावरून धरत होती रे! मग तुझा असा राग आला म्हणून सांगू!

मी तिला सगळं सांगितलं. भूकंप झाला, मागची भिंत पडली, मीही घाबरले. पुन्हा हलेल का, असं तिने विचारलं. म्हटलं, हलेलही, तेव्हा हात धरून मैदानात पळायचं. दात मात्र पडायलाच हवा, खालून नवा येतोय. मग दोघींनी टेबल गदागदा हलवून 'हललं, हललं' असा गलका केला. गिऱ्हाईकं बघत राहिली. बघू देत! संध्याकाळी पोटभर जेवली. अजून दचकते, दाराशीच झोपते. भीती काय एका दिवसात जाते? पण ती घालवायची तर माझ्या कुशीत, तिच्याच घरात.

खरं सांग, तो शब्द तिला सोसत नाही की तुला?

लोभ तसाच ठेव, हुकूम तेवढा मागे घे.
तुझी धाकटी

दि. १२ जानेवारी

मामांना ठकीचा नमस्कार.

आई म्हणाली, तूच लिही. दात पडला, मीच ओढला. काल दुपारी परत थोडंसं हललं. सगळ्यांत आधी मी ओरडले आणि आईला ओढत मैदानात नेलं. खूप रडले. मग आत आले. आईने तरी माझा हात सोडला नाही.

मी तिकडे येणार नाही. तुम्हीच या. भीती वाटली तर मी जवळ बसेन. त्या दिवशी तुम्ही माझ्याआधी पळालात, अनवाणी. मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या चपला इथेच आहेत. त्या न्या. मला नाही.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
ठकी