नातीची अर्धी वाटी पेज

मंगळवार, दिवा लावल्यावर

नात बाळंतपणाले माह्याकडं आली. आठवा महिना, अन् हाताची हाडं दिसून राह्यली. भाताच्या वासानं ओकते, म्हणून ज्वारीची पेज दिली. अर्धीच वाटी प्याली.

"काऊन वं, कडू हाये का?"

"नाई आजी. सासूबाई म्हणे, कमी खा. पोर मोठं झालं तं अडते."

म्हणजे मळमळ नसली तरी खात नाई हे पोरगी!

"तुही सासू मोठी डाक्टरीन. उपाशी पोर अडत नाई, मरते."

जास्तच बोलली का मी? रडली, पन उरलेली अर्धी वाटी प्याली. घडीभरात ओकली. पुन्हा अर्धी दिली.

मंग तिच्या पोटावर हात ठेवला. पोर लय वेळानं हाललं, तेही थकल्यावानी. उद्या पहिल्या गाडीनं आरमोरीच्या दवाखान्यात नेतो. सासूले विचारत नाई.