यादीत सर्वांत वर

मंगळवार, ता. १४

धाकटे राजे यांस ताईचे आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत; तूही असशील असं धरून चालते. बाबांचं ब्लडप्रेशर जागेवर आहे, माझे गुडघे नाहीत. समोरच्या काकूंनी नवा दरवाजा बसवलाय आणि दिवसभर तो उघडून-मिटून दाखवतात. बाबांना ऐकू येत नाही म्हणून ते सुखी आहेत. मला येतं.

तू टीव्हीला जोडून दिलेल्या डबीची हकिकत सांगायची राहिली. दीड महिन्यापूर्वी तिनं पडद्यावर पाटी लावली, की जागा अपुरी आहे. काडेपेटीएवढा जीव, तिला जागा असून असून किती असणार! पण माझ्या मालिकेचं ॲप अपडेट मागत बसलं होतं, आणि नायिकेची स्मृती परत यायला एकच भाग उरला होता. मग आधी कॅशे साफ केला, ताटातलं खरकटं काढावं तसा. दोन दिवसांत परत भरला. हवामानाचं ॲप काढलं, कारण घराला खिडकी आहे. माशांच्या टाकीचं काढलं. बाबांनी कधीच न खेळलेलं बुद्धिबळ काढलं. तरी पुरेना. शेवटी कोण किती जागा खातं त्याची यादी लावली आणि सर्वांत वर होतं ते काढून टाकलं. एका फटक्यात जागा झाली. नायिकेला सगळं आठवलं.

सर्वांत वर तुझं व्हिडिओ कॉलचं ॲप होतं.

डबी बिघडली आहे, मिस्त्री येणार आहे, असं मी तुला फोनवर चारदा सांगितलं. असा कुणी मिस्त्री नाही. बिचाऱ्याला मी एकदा आजारीही पाडलं.

हे चुकून झालं असं लिहिणार होते. पण चोवीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं बाद करण्याच्या याद्या मीच करते. ज्याची कुणीतरी वाट बघत असतं ते पुस्तक कितीही जाड असलं तरी बाद करायचं नसतं, हे मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते.

बाबा दर रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पावणेअकराला खुर्चीत बसतात. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर त्यांना ओठ वाचता येत नाहीत. टीव्हीवर तुझं तोंड हातभर दिसतं, म्हणून तुझं बोलणं कळतं. साडेबारापर्यंत काळ्या पडद्यासमोर बसून राहतात. मी वहीत लिहून दाखवते, ‘तो कामात असेल.’ ते मान हलवतात. असे सहा रविवार गेले.

परवाच्या रविवारी त्यांनी माझ्या हातात एक चिठ्ठी ठेवली. ‘हे त्याला पाठव,’ म्हणाले. सोबत जोडली आहे, तरी इथेही उतरवते: ‘त्या दिवशी मी जास्त बोललो. नुसतं तोंड दाखवतोस, येत नाहीस, असं म्हणायला नको होतं. आवाजही चढला असेल, मला माझा आवाज कळत नाही. राग सोड आणि फोन कर.’

चार ठिकाणी खोडून पुन्हा लिहिलंय. ज्या माणसानं जन्मात कुणाची माफी मागितली नाही, त्यानं.

चिठ्ठी दिवसभर पर्समध्ये घेऊन कामावर हिंडले. काल संध्याकाळी वहीत लिहिलं, ‘तो रागावलेला नाही. ते ॲप मी काढून टाकलं होतं.’ त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘का?’ एरवी त्यांचं ‘पाणी दे’ तीन घरांना ऐकू जातं. हे मला जेमतेम ऐकू आलं.

मी उठून भांडी घासायला गेले.

का ते सांगते. आठवड्यातून पंधरा मिनिटं ते तुझ्या ओठांकडे टक लावून बघतात. तुला सर्दी झाली तर तेही त्यांना पडद्यावरून कळतं. मी सकाळ-संध्याकाळ समोर असते. मी तोंड उघडलं की ते वही पुढे सरकवतात. त्यांचे कान गेल्यापासून चार वर्षांत मी ‘गोळी घेतली का’ हजारदा लिहिलं असेल. मला काय झालंय हे त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून एकदाही ओळखलं नाही. वाटलं, पडदा काळा झाला की मान इकडे वळेल. वळली नाही. ते काळ्या पडद्याकडेच बघत बसले, आणि मी त्यांना तसं बघू दिलं.

माझी मालिका काढून तुझं ॲप परत घातलंय. रविवारी अकराला लाव. मिस्त्रीबद्दल मला काय बोलायचं ते बोल, पण त्यांच्यासमोर नको.

त्यांचा ‘का’ अजून तसाच पडून आहे. हे कच्चं तुला लिहून झालं. आता वही घेऊन त्यांच्यासमोर बसते, आणि पक्कं लिहिते.

तुझी, आणि त्यांचीही,
ताई